फुकटचा इंजिनिअर

सध्या आमच्या नात्यात तीन ठिकाणी फ्लॅट बघणं चालू आहे. दोन नांदेडला, एक लातूरला. त्यामुळे गेले दोन महिने फोनवर दुसरा विषयच नाही. कार्पेट किती, पार्किंग झाकलेलं आहे का, लिफ्टला बॅकअप आहे का, दार पूर्वेला आहे का, बोअरला उन्हाळ्यात पाणी राहतं का... सगळ्याची साग्रसंगीत चर्चा होते. दलालाचं कमिशन ठरलेलं असतं, वकिलाची फी ठरलेली असते. एका घरी तर वास्तुवाले येऊन गेले, त्यांना पाकीट आणि वर नारळही दिला. पण बिल्डिंग कशी बांधली आहे ते कोणाला दाखवलं, असं विचारलं की तिन्ही ठिकाणी एकच उत्तर. "दाखवलं की! आपला तो आहे ना, सिव्हिल झालेला, तो येऊन बघून गेला. ठीक आहे म्हणाला."

हा 'आपला तो' बहुतेक घरांत असतो. साडूचा भाऊ, मेहुण्याचा मित्र, कुणाचा तरी वर्गमित्र. रविवारी सकाळी गाडीवर येतो, भिंतीवर दोन ठिकाणी बोटाने टकटक करतो, बाथरूमचा नळ सोडून बघतो, गच्चीवर एक चक्कर मारतो. मग चहा-पोहे. फीचं नाव काढलं तर "काय काका, लाजवता का?" म्हणतो. आणि आपल्यालाही बरं वाटतं, कारण पैसे वाचले आणि इंजिनिअरनेही बघितलं.

माझं म्हणणं सरळ आहे. फ्लॅट घेताना बांधकाम तपासून घ्यावं, इसार देण्याच्या आधी घ्यावं, आणि तपासणाऱ्याला आपल्या खिशातून पूर्ण फी देऊन लेखी अहवाल घ्यावा. यातला फीचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच आपल्याकडे लोकांना पटत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी बँकेबद्दल, कारण सगळ्यात जास्त विश्वास तिच्यावर. "बँकेचा माणूस बघून गेला, लोन पास झालं, म्हणजे बिल्डिंग चांगलीच असणार." हा माणूस म्हणजे व्हॅल्युअर. त्याचं काम किंमत ठरवण्याचं. उद्या हप्ते थकले तर हा फ्लॅट विकून बँकेचे पैसे निघतील का, एवढं त्याने सांगायचं असतं. त्याची फी बऱ्याचदा आपल्याकडूनच घेतात, पण अहवाल बँकेच्या फायलीत जातो. शिवाय बँक पूर्ण किंमत कधीच देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के आणि ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के मिळतात. म्हणजे घराची किंमत घसरली तर पहिला फटका आपण भरलेल्या रकमेला बसतो, बँकेचा नंबर नंतर. बँकेला जेवढी काळजी पुरते तेवढी आपल्याला पुरेल कशी?

वकिलाचं मात्र आपल्याकडे लोकांना पटलेलं आहे, आणि ते योग्यच आहे. मराठवाड्यातल्या जमिनीचे कागद म्हणजे साधं प्रकरण नाही. निजामाच्या काळातल्या इनामी जमिनी, १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्यातल्या जमिनी, भोगवटादार वर्ग दोन, वक्फच्या जमिनी, जुने खासरा पत्रक, उर्दूतले उतारे. त्यात शहरं वाढताना गुंठ्यागुंठ्याने पडलेले प्लॉट. त्यांच्यासाठी राज्याने २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा केला आणि २०२१ मध्ये मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. या सगळ्यात पोळलेले लोक प्रत्येक गल्लीत सापडतात, म्हणून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्यायला कोणी कुरकुर करत नाही. पण वकील सांगतो तो जमीन कोणाची ते. त्या जमिनीवर जे उभं आहे ते कितपत मजबूत, हे त्याचं कामच नाही. कागद तीस वर्षांमागचे तपासायचे आणि पुढची तीस वर्षं ज्या कॉलमवर काढायची तो बघायचाच नाही, याला काय म्हणावं?

आणि हे आपण मराठवाड्यात म्हणतोय, हे विशेष. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाची रात्र, पहाटे चारच्या सुमाराला लातूर-उस्मानाबाद हादरलं. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं. हजारो माणसं गेली, बावन्न गावं दुसरीकडे नव्याने वसवावी लागली. माणसं मेली ती बहुतेक झोपेत, स्वतःच्याच घराखाली. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वर मातीचे थर चढवून जड झालेलं माळवद. ती घरं उन्हाळ्यात थंड राहायची, पण हादऱ्याला टिकणारी नव्हती. आणि तोवर किल्लारीचा परिसर देशाच्या भूकंप नकाशात सर्वात कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होता! पुढे २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या झोनमध्ये गेला.

किल्लारीनंतर आमच्या भागात एक गोष्ट मनात पक्की बसली. दगड-माती म्हणजे धोका आणि आरसीसी म्हणजे सुरक्षित. यातला पहिला अर्धा भाग अनुभवातून आलेला, पण दुसरा आपण आपलाच जोडला. २६ जानेवारी २००१ ला भुजचा भूकंप झाला तेव्हा केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक बहुमजली आरसीसी इमारती बसल्या. त्यातल्या बऱ्याच इमारतींना खाली पार्किंगसाठी मोकळा मजला होता, वर भिंतींचं वजन आणि खाली नुसते कॉलम. आता नांदेड-लातूरच्या कोणत्याही नव्या वसाहतीत फिरून बघा, खाली पार्किंग नाही अशी बिल्डिंग शोधावी लागेल. पार्किंग असणं वाईट नाही. पण ते कॉलम त्या हिशोबाने काढलेत का, हे कोणीतरी बघायला हवं की नको?

भूकंपात टिकायचं तर कॉलम-बीममधल्या रिंगा किती अंतरावर हव्यात, त्यांची टोकं कशी आत वळवायची, याचं मानक भारतीय मानक ब्युरोने योगायोगाने त्याच १९९३ सालात काढलं. २०१६ च्या आवृत्तीत तिसऱ्या झोनमधल्या आरसीसी इमारतींना ते सरसकट लागू झालं. आता प्लास्टर-रंग झालेल्या फ्लॅटमध्ये उभं राहून रिंगा कोणालाच दिसणार नाहीत, टकटक करणाऱ्याला तर नाहीच नाही. त्यासाठी स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागावं लागतं, मातीचा तपासणी अहवाल मागावा लागतो, काँक्रीटच्या क्यूब टेस्टचे कागद मागावे लागतात. कव्हरमीटर नावाचं यंत्र सळई कुठे आहे आणि किती खोल आहे ते बाहेरून सांगतं. रिबाउंड हॅमरवरून काँक्रीट कितपत कडक झालंय याचा अंदाज येतो. ही साधनं घेऊन रविवारी सकाळी पोहे खायला कोणी येत नाही.

नांदेडकर म्हणतील, आमचं काय, किल्लारी लांब आहे. पण २००६ च्या अखेरीपासून नांदेड शहरात जमिनीखालून आवाज येऊन छोटे छोटे धक्के बसत होते. लोक रात्री घराबाहेर येऊन बसायचे. २१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोलीकडे केंद्र असलेला ४.५ तीव्रतेचा धक्का नांदेडलाही जाणवला. घाबरून जाण्यासारखं यात काही नाही. फक्त 'आपल्याकडे होत नाही' हे वाक्य किल्लारीनंतर कोणी उच्चारू नये.

भूकंप बाजूला ठेवा. रोजच्या गोष्टी घ्या. आपली काळी जमीन पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेला नसेल तर भिंतींना तिरप्या चिरा पडतात, आणि दर दिवाळीला पुट्टी भरून रंग दिला की त्या पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दिसत नाहीत. नांदेडला गोदावरी आणि आसना. विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की खालच्या वस्त्यांत काय होतं ते जुन्या लोकांना पाठ आहे, पण बाहेरगावाहून आलेल्याला सांगणार कोण? पूररेषांचे नकाशे असतात. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर असला तरी वीजमीटर, पाण्याची टाकी आणि गाडी खालीच असते.

लातूरची गोष्ट निराळी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते शहर हे. काँक्रीटला पाणी लागतं, नुसतं कालवताना नाही, ओतल्यावरही. साधं सिमेंट असलं तर किमान सात दिवस, आणि हल्ली वापरतात त्या मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस ते ओलं ठेवावं असं आपलं मानक सांगतं. तेव्हा एखाद्या बिल्डिंगचा स्लॅब कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात पडला आणि त्यावर पाणी कुठून आणून मारलं, हा प्रश्न लातूरला विचारायलाच हवा. असे प्रश्न त्या गावाची माती आणि पाणी माहीत असलेल्या इंजिनिअरलाच सुचतात, यादी घेऊन फिरणाऱ्याला सुचत नाहीत.

आमचा एक भाचा इंग्लंडात असतो. त्याने तिकडे घर घेतलं तेव्हा बँकेची किंमत-तपासणी वेगळी आणि त्याने स्वतः लावलेला सर्व्हेअर वेगळा होता. तिकडे सर्व्हेचे तीन स्तर असतात, घर जितकं जुनं किंवा फेरफार केलेलं तितका वरचा स्तर घ्यायचा. भाव ठरला तरी कागदांची अदलाबदल होईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या असतात, त्या मधल्या दिवसांत हे काम होतं. स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २००८ पासून घर विकणाऱ्यानेच सर्व्हेसह अहवाल तयार ठेवायचा असा नियम आहे. आपल्याकडे तसं काही यायचं तेव्हा येईल. तोवर काय? १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा विकणाऱ्याला दोष सांगायला लावतो, पण कोणते दोष? जे त्याला माहीत आहेत, घेणाऱ्याला माहीत नाहीत, आणि घेणाऱ्याने साधी काळजी घेऊनही त्याला सापडले नसते असे. म्हणजे जे बघितलं असतं तर दिसलं असतं, ते न बघण्याची जबाबदारी तुमची.

"पण आता रेरा आहे ना!" हेही ऐकू येतं. आहे, आणि चांगला आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही. मंजूर नकाशे बघायचा हक्क तुम्हाला आहे. पण जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल, किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर त्या प्रकल्पाला नोंदणीच लागत नाही. आपल्या शहरांत एका प्लॉटवर सहा-आठ फ्लॅट काढलेल्या बिल्डिंगा किती आहेत ते आठवून बघा. आणि जुना फ्लॅट घेत असाल तर ती पाच वर्षं बहुधा संपलेली असतात. तिथे सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिट मागावं. आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर तीन वर्षांनी ते व्हायला हवं. सोसायटीच झालेली नाही असं उत्तर मिळालं, तर तीही माहितीच झाली.

आता मूळ मुद्द्यावर येते, फुकटच्या इंजिनिअरवर.

तो वाईट माणूस नसतो. उलट भिडस्त असतो, आणि अडचण तिथेच आहे. लहान शहरात सगळे एकमेकांना ओळखतात. त्याला उद्या त्याच बिल्डरकडे काम मागायला जायचं असतं, किंवा त्याचा गुरू त्या बिल्डिंगचा डिझायनर असतो. इकडे आपण फ्लॅट मनाने घेऊन टाकलेला असतो. वहिनींनी किचनचा ओटा कुठे वाढवायचा ते ठरवलेलं असतं, दादांनी पीएफचा फॉर्म भरलेला असतो. अशा घरात चहा पिताना "हा घेऊ नका" म्हणणं म्हणजे शुभकार्यात शिंकण्यासारखं. तो म्हणतो, "ठीक आहे, थोडीफार ओल आहे, होऊन जाईल." आमच्याच नात्यातल्या एका घरी 'थोडीफार ओल' तिसऱ्या पावसाळ्यात छताचे पोपडे आणि गंजलेल्या सळ्या दाखवून गेली. दुरुस्तीचा खर्च मुलीच्या लग्नाच्या पैशातून झाला. त्या मुलाला कोणी एक शब्द बोललं नाही, बोलणार तरी काय? त्याने उपकार केला होता.

फी दिली की हे सगळं बदलतं. त्याला वाईट बातमी सांगायची मोकळीक मिळते, कारण तेच त्याचं काम होतं. आपल्याला उलटतपासणी करायची मोकळीक मिळते. आणि कायदाही बदलतो. ग्राहक संरक्षण कायद्यात फुकट दिलेली सेवा ही 'सेवा'च धरलेली नाही. पैसे देऊन, पावती घेऊन, सहीशिक्क्याचा अहवाल घेतला, तरच उद्या हलगर्जीपणा झाला म्हणून दाद मागता येते.

मग असा माणूस निवडायचा कसा? दलालाने किंवा बिल्डरने सुचवलेला घेऊ नका, तो कितीही हुशार असला तरी. घरं बांधणारा नको, स्ट्रक्चरचं काम करणारा हवा. तुमच्या बिल्डिंगशी त्याचा संबंध नाही हे त्याच्याकडून लिहून घ्या. गावात असा सापडत नसेल तर लातूरच्या फ्लॅटला नांदेडचा आणि नांदेडच्याला लातूरचा आणा. तीनेक तासांचा तर रस्ता आहे, येण्याजाण्याचा खर्च द्या. दोन्हीकडे इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. विष्णुपुरीचं गुरू गोबिंदसिंगजी कॉलेज तर १९८१ पासूनचं. तिथल्या स्थापत्य विभागात विचारलं तर निदान योग्य माणसाचं नाव तरी कळतं. आधी फोनवर दोन प्रश्न विचारा. काय काय तपासणार, आणि काय तपासणार नाही? दुसऱ्या प्रश्नाचं स्पष्ट उत्तर देणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो.

खर्चाचं म्हणाल तर ३० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं मुदत धरली तर महिन्याचा हप्ता साधारण २६,००० रुपये येतो. असे २४० हप्ते. आमच्या ओळखीत अलीकडे दोघांनी लेखी अहवाल घेतला, दोघांचाही खर्च एका हप्त्याच्या आतच राहिला. यंत्रं लावून पूर्ण इमारत तपासायची तर जास्त लागतील, पण तो खर्च त्याच बिल्डिंगमध्ये बघणाऱ्या आणखी दोघातिघांत वाटून घेता येतो. मॉड्युलर किचनच्या ट्रॉल्यांना आपण यापेक्षा जास्त देतो आणि त्यांचा रंग निवडायला चार रविवार घालवतो.

राहता राहिली घाई. "थांबलो तर फ्लॅट हातचा जाईल, दुसरी पार्टी तयार आहे." निकाल लागून मुलांचे क्लास सुरू व्हायच्या दिवसांत लातूरला आणि आता नांदेडलाही ही घाई फार असते. यावर साधा उपाय आहे. इसार देणं टळत नसेल तर इसारपावतीवर एक ओळ लिहून घ्या, की तपासणीत मोठा दोष निघाला तर रक्कम अमुक दिवसांत परत मिळेल. विकणारा त्याला तयार झाला तर उत्तम. नाही झाला, आणि इंजिनिअर आणायचं नाव काढताच रागावला, "आमच्यावर विश्वास नाही का" म्हणाला, तर मला वाटतं तपासणीची निम्मी फी तिथेच वसूल झाली.

तेव्हा नात्यातल्या समस्त फ्लॅटोत्सुक मंडळींना एवढंच सांगणं. आपल्या त्या सिव्हिलवाल्या मुलाला जरूर बोलवा, पोहे जरूर खिलवा. पण वास्तुशांतीला बोलवा. त्याच्या आधी जो येईल, त्याला फी द्या, पावती घ्या, आणि तो जे सांगेल ते मनाविरुद्ध असलं तरी बसून ऐकून घ्या.